सरव्याच्या पिशवीत बघायचं नसतं

आमच्या घरात महत्त्वाची गोष्ट कुणी कुणाला सरळ सांगत नाही. चुलत बहिणीचं लग्न ठरल्याचं मला फ्रिजमधल्या पेढ्यांवरून कळलं. बाबांची शिफ्ट बदलल्याचं कळलं ते आईने भलत्याच वेळी कणीक मळायला घेतली तेव्हा. विचारायला बंदी नाही. पण आपण एक विचारलं की समोरचा आपल्याला दोन विचारतो, आणि हा सौदा मला परवडत नाही. म्हणून मी गप्प बसते आणि लोकांच्या बोलण्यातून सांडलेलं वेचते. एखादं अर्धं वाक्य, फोन ठेवतानाचा उसासा, डब्यातली एक जास्तीची पोळी. संध्याकाळपर्यंत पुरेसं जमतं.

या उद्योगाला इंग्रजीत एक नेमकं क्रियापद आहे आणि ते मला शाळेपासून पाठ आहे. ग्लीन. परीक्षेत मी ते वाक्यात उपयोग करून लिहिलंही होतं, बातमीतून माहिती ग्लीन केली वगैरे. मार्क मिळाले आणि शब्द मिटून ठेवला. तो पुन्हा उघडायची वेळ गेल्या वर्षी आली, दसरा झाल्यावर.

मी ज्या शाळेत शिकले त्याच शाळेच्या लायब्ररीत तेव्हा काम करत होते. इंग्रजीत एम. ए. करून पुस्तकांच्या पाठीवर लेबलं चिकटवायची, हे काम ऐकायला कमी वाटेल, पण माझ्या स्वभावाला ते शिवून घेतल्यासारखं बसलं होतं. भिंतीवर 'सायलेन्स प्लीज' अशी पाटी होती. ती पाळण्यात माझ्याइतकं निष्णात शाळेत कुणी नव्हतं.

एक दिवस प्रिन्सिपल मॅडम लायब्ररीत आल्या. त्या सहसा येत नाहीत, म्हणून मी उभी राहिले आणि हातातलं लेबल माझ्याच ओढणीला चिकटलं.

"आठवीच्या इंग्रजीच्या टीचर पुण्याला चालल्यात," त्या म्हणाल्या. "तू सोमवारी आठवी ब चा एक तास घे. मी मागे बसते. जमलं तर वर्ग तुझा. नाही जमलं तर मला बाहेरून कुणीतरी बघावं लागेल."

"यस मॅम," मी म्हणाले. माझ्या त्या दिवशीच्या एकूण बोलण्यातला बराच मोठा भाग संपला.

मला तो वर्ग हवा होता. हे मी कुणाला सांगितलं नाही, घरी तर नाहीच. घरी सांगितलं असतं तर सोमवारी संध्याकाळी सगळे दारातच विचारायला उभे राहिले असते. हवा का होता, तेही सांगते. लायब्ररीत मुलं पुस्तक परत करायला यायची आणि मला त्यांना विचारावंसं वाटायचं की शेवटी काय झालं त्या मुलीचं, कुत्रा सापडला का. पण डोक्यावर पाटी. मुलं पुस्तक ठेवून निघून जायची आणि मी शिक्का मारायची. वर्गात विचारता आलं असतं. अडचण एवढीच होती, की वर्गात आधी बोलावं लागतं.

सोमवारचा पाठ शब्दांचा निघाला. गोळा करण्याची क्रियापदं. गॅदर, कलेक्ट, पिक, हार्वेस्ट आणि शेवटी ग्लीन. मी खूश झाले. हे तर मला येतं. शुक्रवारी आठवी ब मधलीच दोन वेण्यांची एक मुलगी पुस्तक बदलायला आली तेव्हा मी धीर करून तिच्यावर रंगीत तालीम केली.

"ग्लीन म्हणजे काय माहितीये?" मी हळूच विचारलं.

"कलेक्ट."

"थोडं वेगळं. थोडं थोडं गोळा करणं."

ती विचारात पडली. "गणपतीची वर्गणी पण थोडी थोडीच गोळा करतात ना मिस?"

"हो, पण..."

"मग ती ग्लीन?"

"ती कलेक्ट."

"मग काय फरक?" ती म्हणाली. तिच्या चेहऱ्यावर खोडी अजिबात नव्हती, ते जास्त वाईट. मी पाटीकडे बोट दाखवलं. लायब्ररीत शांतता राखणं कधी कधी फार सोयीचं असतं.

ती गेल्यावर शब्दकोश काढला. पहिलाच अर्थ: कापणी झाल्यावर शेतात राहिलेलं धान्य वेचणे. हा अर्थ मी कितीतरी वेळा वाचला होता आणि प्रत्येक वेळी त्याच्यावरून उडी मारून माहितीवाल्या दुसऱ्या अर्थाकडे गेले होते. जसं काही शेत हा प्रकार इंग्लंडातच असतो. आणि आमचं स्वतःचं शेत पडेगावच्या पुढे, दौलताबादच्या रस्त्याला आत एका गावात आहे. ते मोठे काका बघतात. आमच्या मुकुंदवाडीच्या घरात ते शेत वर्षातून काही वेळा पोत्यात बसून येतं. बाजरी येते, तूर येते, भुईमुगाच्या शेंगा येतात. यापलीकडे माझा त्याच्याशी परिचय नव्हता.

त्याच रात्री जेवताना गावाकडून काकूचा फोन आला. आईने स्पीकरवर ठेवला होता. "शेंगा निघाल्या बाई एकदाच्या," काकू म्हणत होती. "आता सरवा चालू हाय."

फोन झाल्यावर मी विचारलं. मी विचारलं म्हणून आईने माझ्याकडे जरा निरखून पाहिलं.

"सरवा म्हणजे काय?"

"वेल उपटून नेल्यावर मातीत शेंगा राहतात ना, त्या वेचतात. तो सरवा."

"कोण वेचतं?"

"बाया वेचतात, पोरं वेचतात. ज्याला पाहिजे तो," आई म्हणाली आणि भात वाढायला वळली.

ज्याला पाहिजे तो. मला पाहिजे होतं. रविवारी सकाळी गावाला चक्कर मारून येते म्हणून स्कूटी काढली. जालना रोड, छावणी, पडेगाव. मोकळा रस्ता लागला तशी मी हेल्मेटच्या आत सोमवारचं पहिलं वाक्य मोठ्याने म्हणून पाहिलं. हेल्मेटच्या आत मी उत्तम शिकवते.

काकूला वाटलं मी पोतं न्यायला आले.

"भरून ठेवलंय की तुमचं. स्कूटीवर बसंल का?"

"पोतं नको. मला सरवा वेचायचाय."

काकू हसली. "हौस एकेकाची," म्हणून तिने मला एक खुरपं आणि कापडी पिशवी दिली. पिशवी शहागंजातल्या साड्यांच्या दुकानाची होती, तिच्यावर नवरीचं चित्र होतं. काकूची चूल पेटलेली होती, त्यामुळे तिने पुढे काही विचार केला नाही आणि मीही तिला करू दिला नाही.

रानात सात-आठ बाया वाकून वेचत होत्या. मी एका कोपऱ्यात बसले, खुरप्याने माती उकरली, आणि आश्चर्य म्हणजे लगेच एक शेंग निघाली. मग अजून एक. मला वाटलं, सोपं आहे. मग मागचा आवाज बंद झाला. माणसं बोलायची थांबली की मला लगेच कळतं, माझा तो विषय आहे. वळून पाहिलं तर सगळ्या माझ्याकडे बघत होत्या.

"कुठली गं ही?"

"मालकाच्या भावाची लेक. शहरातली."

"मंग तिला काय कमी पडलं?"

"पोतं घरात गेलं, आता मातीबी नेती का काय!"

मोठा हशा झाला. त्यांच्यात मावशी होती. मावशी बरीच वर्षं आमच्या रानात कामाला येते, आईच्या वयाची असेल. तिचा आवाज ओढ्यापलीकडून हाक मारायला घडवलेला आहे आणि जवळ बोलतानाही ती तो कमी करत नाही. गावात सगळे तिला मावशीच म्हणतात, तिच्याहून मोठी असलेली आमची काकूसुद्धा. ती कमरेवर हात ठेवून उभी राहिली.

"पोरी, पंगतीत वाढणाऱ्यानं मधीच पाटावर बसायचं असतं का?"

"नाही," मी म्हणाले.

"मंग? रान तुमचं. वेल उपटला, शेंगा नेल्या, मालकाचं झालं. खाली राहिलं ते आमचं. त्याच्याकडं मालकानं बघायचं बी नाय."

"बघायचं पण नाही?"

"आन् पिशवीत तर अजिबात नाय. कुणाला किती घावलं असं मालकानं इचारलं, तर त्याच्या रानात पुढच्या साली उंदीर व्हत्यात."

"खरंच?"

"ते उंदराला इचार बाई."

पुन्हा हशा. माझे कान तापले. आईच्या 'ज्याला पाहिजे तो' मध्ये मालकाची पोर धरलेलीच नव्हती, आणि ते गावात सगळ्यांना माहीत असल्यामुळे आईला सांगायची गरजही वाटली नव्हती. मी घाईघाईने पिशवी उलटी केली आणि वेचलेल्या शेंगा खाली ओतल्या.

"अगं ओतू नको!" एक म्हातारी ओरडली. "आता त्याच परत वेचाव्या लागत्याल!"

यावेळी मलाही हसू आलं. तरी मी जाऊन बांधावर बसले. हेल्मेट मांडीवर घेतलं. आता घरी जावं, असं नव्वद टक्के ठरलं होतं. उरलेले दहा टक्के सोमवारचे होते. थोड्या वेळाने मावशी पाणी प्यायला बांधावर आली, तांब्या वर धरून घटाघटा प्याली, तोंड पुसलं.

"कशाला आलती मग?"

तिने विचारलं आणि मी सांगून टाकलं. घरात कुणाला सांगितलं नव्हतं ते सगळं. कदाचित मघाशी एवढं हसं झाल्यावर राखून ठेवण्यासारखं फार उरलं नव्हतं. उद्या वर्गावर जायचंय, मागे मॅडम बसणार, वर्ग मिळाला तर मिळाला, आणि शिकवायचं आहे ते हेच, राहिलेलं वेचणं, जे मी कधी केलेलं नाही.

"हे शाळेत शिकवत्यात?"

"हो."

"इंग्रजीत?"

"हो."

"फी घेऊन?"

"हो."

मावशीने तांब्या खाली ठेवला आणि बायांकडे वळून ओरडली, "अगं ए, सरळ बसा! कॉलेजात हाय आपण!" मग माझ्याकडे वळली. "माझं रान हाय वढ्यापलीकडं. परवाच काढल्या शेंगा. तिथं तू मालकीण नायस. येती?"

मी उठले, आणि नेमकी तेव्हाच काकू भाकरीची टोपली घेऊन बांधावर आली.

"कुठं निघाली?"

"मावशीच्या रानात. सरवा वेचायला."

काकूने टोपली उतरवली नाही. "तिच्या रानात?"

त्या 'तिच्या'त बरंच काही होतं. मावशीच्या दाराला निळा झेंडा आहे, आमच्या दाराला आंब्याचं तोरण. तिचा दोन एकराचा तुकडा ओढ्यापलीकडे आहे आणि ओढा एका उडीत ओलांडता येतो, पण आमच्या घरचं कुणी कधी तिकडे वाकायला गेलेलं नाही. हे मला कुणी कधी सांगितलं नव्हतं. त्या एका शब्दातून ते सांडलं आणि माझ्या पिशवीत पडलं.

"आपल्या घरची पोर लोकाच्या रानात सरवा वेचणार?" काकू म्हणाली. "पाव्हणेरावळे काय म्हणतील? आपलं रान काय ओस पडलंय?"

मावशी ओढ्याकडे बघत होती, आणि तिच्या आवाजाच्या बाईने गप्प बसणं मला बघवेना.

"आपल्या रानात मला चालत नाही म्हणे, काकू," मी म्हणाले.

"चालत नाय हे खरंय," काकू म्हणाली, आणि म्हणून झाल्यावर अडकली. रीत तिचीच होती. कुठल्याच बाजूने सुटायला जागा नव्हती.

"राहू द्या मालकीणबाई," मावशी म्हणाली. "माझ्या रानातबी शेंगाच निघत्यात. दुसरं काय नाय निघत."

काकूने टोपली खाली ठेवली. भाकरी मोजल्यासारखं केलं. मग माझ्या हातात एक फडकं दिलं. "डोक्याला बांध. ऊन लई हाय. आन् कुणी इचारलं तर..."

"तर?"

"फिरायला आले म्हण."

ओढ्यात पाणी घोट्याएवढं होतं. मागोमाग दोघी-तिघी बाया आल्या, गंमत बघायला. मावशी आपल्या बांधावर चढली, पदर सावरला आणि मांडी घालून अशी बसली की जणू तिच्यासाठी तिथे गादी अंथरली आहे.

"बघा गं, मालकीण झाले मी! चहा आणा कुणीतरी!"

"मालकीणबाई, मजुरी किती देता?" एकीने विचारलं.

"सरव्याला मजुरी नसती, खुळे. ए पोरी, मान खाली! वर बघून चांदण्या घावत्यात, शेंगा नाय घावत!"

मी मान खाली घातली. तिच्या रानात शेंगा लगेच सापडल्या नाहीत. माती उकरली की आधी नुसती माती. मग पोकळ टरफल. मग मुंग्यांनी आधीच जेवलेली शेंग. मग एक मोड आलेली. मी जागा बदलली, पुन्हा नुसती माती. खुरपं ठेवून बोटांनीच चाचपायला लागले तेव्हा जरा जमलं. बोटांना ढेकूळ आणि शेंग यातला फरक डोळ्यांच्या आधी कळायला लागला. पहिली भरलेली शेंग निघाली तेव्हा मी इतक्या जोरात "मिळाली!" म्हणाले, की बांधावरून दाद आली: "घावली, घावली! आता पेढे वाट!"

दोन वेण्यांच्या मुलीचं उत्तर मला तिथे उकिडवं बसून मिळत गेलं. वर्गणी गोळा करणारा दार वाजवतो, आतला माणूस उघडतो, वस्तू आहे हे दोघांना माहीत असतं. इथे कुणालाच काही माहीत नसतं. जो भरून घेऊन गेला त्याला वाटतं संपलं. आपल्याला वाटतं असेल. बस, एवढ्यावरच वाकायचं.

ऊन कललं तेव्हा पिशवीवरच्या नवरीचं पोट जरासं फुगलं होतं. मी पिशवी घेऊन बांधाकडे गेले, दाखवायला. कष्ट केले की दाखवायचे असतात, मी शाळेत वाढलेली मुलगी आहे. मी पिशवीचं तोंड उघडलं तशी मावशीने चटकन मान फिरवली.

"नको दाखवू."

"थोड्याच आहेत..."

"थोड्या असू दे नायतर लई. मालकानं बघायचं नसतं म्हणले ना? माझ्या रानात उंदीर करती का?"

ती खरंच ओढ्याकडे बघत बसली, मी पिशवीला गाठ मारेपर्यंत. तिचं सगळं थट्टेचं चाललं होतं दिवसभर. हे थट्टेचं नव्हतं. मला आजवर भेटलेल्या प्रत्येक माणसाने काही ना काही विचारलंय, किती टक्के पडले, पगार किती, इतकी गप्प का, कुणी पाहून ठेवलंय का. माझ्या हातात उघडी पिशवी होती आणि एक बाई तिच्यात न बघण्यासाठी मान वळवून बसली होती. मी आभार मानायला तोंड उघडलं तर ती म्हणाली, "जा आता, अंधार पडंल. आन् शिकव नीट. रानाचं नाव खराब करू नको."

घरी आईने माझ्या नखांतल्या मातीकडे पाहिलं आणि काकूला फोन लावला. मी जिन्यात थांबून ऐकलं. "फिरायला आलती," काकूचा आवाज म्हणाला. "चांगली फिरली."

सोमवारी मी आठवी ब च्या फळ्यासमोर उभी राहिले. मॅडम शेवटच्या बाकावर हाताची घडी घालून बसल्या होत्या. माझं पहिलं वाक्य, हेल्मेटमध्ये चोख पाठ केलेलं, गळ्यापर्यंत आलं आणि तिथून परत गेलं. मुलं वाट बघत होती. पंखा फिरत होता. मी पुन्हा प्रयत्न केला, "टुडे," म्हणाले, आणि टुडेच्या पुढे काही नव्हतं. मॅडमनी घडी सोडून पुन्हा घातली. त्या हालचालीचा अर्थ मला नको तेवढा स्पष्ट कळला.

मग मी टेबलाखालून पिशवी काढली आणि वर्गाच्या मधोमध पालथी केली. मी वेचलेल्या शेंगा होत्या, शिवाय घरच्या डब्यातल्या ओंजळभर.

"मिस, खायच्या?"

"फर्स्ट टू रोज," मी म्हणाले, "गॅदर."

वादळच. पुढच्या दोन ओळी तुटून पडल्या, कंपास उडाल्या, कुणाची तरी बाटली सांडली. मी फळ्यावर शब्द लिहून वळेपर्यंत मधली जागा साफ झाली होती.

"ये तो चीटिंग है मिस," मागून तक्रार आली. "हमको कुछ नहीं मिला."

"संपल्या?" मी विचारलं.

"संपल्या!" पुढच्या ओळी ओरडल्या, मुठी वर करून.

"नक्की?" मी मागच्या ओळींकडे पाहिलं. "मग आता जे असेल ते तुमचं."

आधी त्या हलल्या नाहीत. मग एकजण वाकला. मग सगळेच. वर्ग हळूहळू बाकांखाली गेला आणि अशी शांतता झाली की लायब्ररीतल्या पाटीने ऐकून लाजावं. अधूनमधून एखादी कुजबुज: "मिली!" दप्तराखालून, दाराच्या फटीतून, कुणाच्या तरी बुटाच्या आतून. दोन वेण्यांची मुलगी फळ्याखालच्या लाकडी ओट्याच्या भेगेत पट्टी घालून काढत होती. तिने एक काढली, पोकळ निघाली, तिने तोंड वाकडं केलं आणि पट्टी पुन्हा घातली. मला तेव्हा फळ्यावर दुसरा शब्द लिहायचा होता, पण मी तिच्याकडेच बघत राहिले.

ती उठली तेव्हा तिची मूठ बंद होती. मॅडम बाकावरून उठून तिच्यापर्यंत आल्या होत्या. त्यांचं बरोबरच होतं, त्यांना तास तपासायचा होता.

"शो मी," त्या म्हणाल्या. "किती ग्लीन केल्यास?"

मुलगी मूठ उघडायला लागली.

"नको," मी म्हणाले.

कुणीतरी दुसरंच बोललं असं मला क्षणभर वाटलं. मॅडमनी माझ्याकडे पाहिलं. त्यांना वर्गासमोर नको म्हणणारं शाळेत कुणी नव्हतं. पण आता मागे फिरायला उशीर झाला होता.

"सॉरी मॅम. सरव्याच्या मुठीत मालकाने बघायचं नसतं. विचारलं तर शेतात उंदीर होतात."

मग मागच्या बाकावरून एक गंभीर आवाज आला, "मिस, आपल्या स्टोअररूममध्ये आहेत उंदीर."

"म्हणजे कुणीतरी विचारलंय!" दुसरा ओरडला.

वर्ग फुटला. आणि त्या गोंधळात माझा गळा सुटला. मी ओढा सांगितला, बांध सांगितला, वाढणाऱ्याने पाटावर न बसायची गोष्ट सांगितली, अर्धी इंग्रजीत, अर्धी जे येईल त्यात. पुढच्या दोन ओळींना विचारलं की तुम्ही संपल्या म्हणून ओरडलात ते खोटं होतं का. त्यांच्यात भांडण लागलं. खोटं नव्हतं, म्हणाले, आम्हाला तसंच वाटलं. "मग फरक कळला मिस," दोन वेण्यांची मुलगी म्हणाली, मूठ अजून बंदच. मी तिला काय कळला ते विचारलं नाही.

या सगळ्यात मॅडम वर्गाच्या मध्ये उभ्या होत्या. हसल्या नाहीत, रागावल्याही नाहीत. त्या मुलीच्या मुठीकडे त्यांनी एकदा पाहिलं आणि मान खिडकीकडे वळवली. घंटा होईपर्यंत त्या बाहेरच बघत होत्या. मग निघून गेल्या.

दोन-तीन दिवस कुणी काही सांगितलं नाही. मी पुन्हा लेबलं चिकटवायला लागले आणि कान उघडे ठेवले. शिपाई काकांनी येऊन विचारलं, "तुमची लेबलं-फिबलं कुणाला समजावून देणार?" आणि "असंच विचारलं" म्हणून पळाले. स्टाफरूममध्ये चहाच्या ट्रेवर एक कप जास्त दिसला. आठवीच्या कपाटाची किल्ली नेहमीच्या खिळ्यावर नव्हती. एकेक करून जमत होतं, पण यावेळी मला धीर निघेना. मी माझ्या आयुष्यात पहिल्यांदा स्वतःहून मॅडमच्या ऑफिसचं दार वाजवलं.

"मॅम, मला विचारायचं होतं..."

"आठवी ब ना?" त्या म्हणाल्या. "उद्यापासून. किल्ली घेऊन जा." त्यांनी ड्रॉवर उघडून किल्ली टेबलावर ठेवली, आणि ठेवताना हाताने कपाखालची बशी हळूच फाईलच्या मागे सरकवली. पण मला आधीच दिसलं होतं. बशीत शेंगांची टरफलं होती, मातीचा डाग अजून लागलेली. आठवी ब च्या मागच्या बाकाखाली त्या दिवशी कोण कोण वाकलं होतं, ते सगळं काही माझ्या लक्षात आलेलं नव्हतं तर.

मॅडमनी माझ्याकडे पाहिलं. मी किल्ली उचलली आणि खिडकीबाहेर बघत म्हणाले, "थँक यू, मॅम."